हलकं गेलेलं वजन

वजन वर गेलं, आणि मी घाबरलो. खरं तर आनंद व्हायला हवा होता. दिवाळीपासून ते वजन माझ्या मागे लागलं होतं, की मी त्याच्या मागे, कोण जाणे. दीडशे पौंडांचा बार छातीवर घ्यायचा, क्षणभर थांबायचं आणि नुसत्या हातांच्या जोरावर डोक्यावर नेऊन उभं राहायचं. पाय सरळ, कंबर सरळ, कुठूनही उसनी मदत घ्यायची नाही. याला प्रेस म्हणतात. रोज सकाळी तो बार माझ्या कपाळापर्यंत यायचा आणि तिथे असा अडायचा की वरून कोणीतरी तळहात लावून धरलाय असं वाटायचं. मग मी तो मुकाट्याने खाली घ्यायचो. त्या दिवशी मात्र तो कपाळापाशी थांबलाच नाही. सरळ वर गेला, कोपरं ताठ झाली, बार डोक्यावर स्थिर झाला. पण माझं अंग ज्या वजनासाठी कंबर कसून उभं होतं, ते वजन आलंच नव्हतं. जिना संपलेला असताना आणखी एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो, तेव्हा पोटात जसं होतं तसं झालं.

"गेलं का रे, श्रीपाद?" भिवा वस्तादांनी दाराजवळच्या बाकावरून विचारलं.

"गेलं," मी म्हणालो.

हे विचारणं म्हणजे आमच्या कल्याणच्या व्यायामशाळेतली रीत. वस्तादांची नजर अधू झाली त्याला बरीच वर्षं झाली. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, माणूस आला-गेला कळतो, बाकी काही नाही. तरी ते रोज पहाटे येऊन बाकावर बसतात आणि कोणी जड वजन घेतलं की विचारतात. ज्याने उचललं त्यानेच उत्तर द्यायचं. गेलं म्हणजे गेलं, नाही गेलं म्हणजे नाही. आंधळ्या माणसासमोर खोटं बोलायला कोणाची जीभ रेटणार? म्हणून ही रीत टिकली. पण माणूस खोटं बोलत नसला तरी चुकतो, आणि स्वतःच्या बाबतीत हटकून चुकतो. तेव्हा वस्तादांनीच मला भिंतीपाशी उभं केलं. बाकीच्यांची वजनं मी पाहायची, चूक दिसली तर बोलायचं. माझं वजन कोणी पाहायचं हे काही ठरलं नाही. तशी वेळच आली नव्हती, कारण माझं वजन जात नव्हतं.

शिस्तीच्या बाबतीत मी खवट आहे, हे मला ठाऊक आहे. आत आल्यावर कुस्तीच्या हौद्यातली माती कपाळाला लावावी, मारुतीकडे पाठ करून बसू नये, पडलेला बार ओलांडू नये, दुसऱ्याच्या बारला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये, कोणी वजनाखाली असताना बोलू नये, वजन आदळू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण बारला लावलेल्या वजनाच्या चकत्या आपण काढून जागेवर ठेवाव्यात. पोरं माझ्यामागे मला हेडमास्तर म्हणतात. म्हणेनात का. पण त्या दिवशी हेडमास्तरांनी काय केलं? बार खाली ठेवला, कोनाड्यातला सदरा घेतला, ड्यूटीची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटले आणि चकत्या तशाच ठेवून चालते झाले. ड्यूटीला चांगला तासभर अवकाश होता. बाहेर पडताना कोणी काही बोललं नाही. वजन गेल्यावर वाहवा करायची आमच्यात पद्धत नाहीच, पण एरवी कोणी घसा खाकरतो, कोणी हसून मान हलवतो. त्या सकाळी सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते.

काळ्या तलावाच्या कडेने चालताना मी स्वतःला विचारलं, चकत्या का नाही काढल्यास? आणि उत्तर आधीपासून तयार असल्यासारखं लगेच आलं. चकत्या काढल्या असत्या तर त्या हातात घ्याव्या लागल्या असत्या. आमच्याकडच्या दहा पौंडांच्या आणि साडेसातच्या चकत्या दिसायला सारख्याच. त्यांच्यावरचे आकडे कधीच झिजून गेलेत. हातात घेतल्याशिवाय फरक समजत नाही. मी बार लावला तेव्हा दहाच्याच लावल्या होत्या, ह्याबद्दल शंका नाही. त्यानंतर हाताला माती चोळायला हौद्याकडे गेलो. वळून पाहिलं तेव्हा बारजवळ सुधीर उभा होता, कमरेवर हात ठेवून. मी आल्यावर बाजूला झाला. तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आता तलावाच्या काठावर तेच चित्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागलं, आणि दर वेळी सुधीर बारच्या थोडा थोडा अधिक जवळ उभा असल्यासारखा दिसू लागला.

सुधीर तेवीस-चोवीस वर्षांचा. अंबरनाथला कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. सरळ मुलगा, पण तोंडाने जरा फटकळ. येत्या रविवारी ठाण्याच्या जिल्हा स्पर्धेसाठी आमच्याकडून एकाची निवड व्हायची होती, आणि ती मी काय पाहतो त्यावर ठरणार होती. गेल्याच आठवड्यात त्याने स्वतःचं आजवरचं सगळ्यात जड वजन डोक्यावर नेलं. वस्तादांनी विचारलं, आणि तो आनंदाने म्हणाला, गेलं. मी भिंतीपासून म्हणालो, "नाही. गुडघा वाकला." एवढासा वाकला होता, खिशातला रुमाल हलावा इतका. पण गुडघ्याने एकदा हिसका दिला की वजन हातांनी नेलं असं म्हणता येत नाही. ते पायांनी फेकलेलं असतं. सुधीर पांढराफटक पडला. त्याने शपथ घेतली की गुडघा वाकला नाही, त्याला जाणवलंच नाही. मी त्याला समजावलं की ज्याचा वाकतो त्याला कधीच जाणवत नाही, पाहणाऱ्याला दिसतं. शांतपणे समजावलं असं मला वाटलं होतं. पण चार जण तिथे होते, आणि माझा आवाज कदाचित जरा हेडमास्तरी होता. रीतीप्रमाणे त्याने स्वतः 'नाही गेलं' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. चकत्या काढून, नीट रचून ठेवून निघून गेला.

म्हणजे त्याला कारण होतं. पार्सल ऑफिसात पोचेपर्यंत मी ते कारण पक्कं करून टाकलं. त्याने माझ्या चकत्या बदलल्या, मला हलकं वजन उचलू दिलं, वस्तादांसमोर माझ्या तोंडून 'गेलं' वदवून घेतलं, आणि आता तो कुठेतरी हसत असणार. रविवारी मी त्याच्या गुडघ्याबद्दल काही बोललो तर तो सगळ्यांसमोर सांगणार, काकांचं दीडशे म्हणजे एकशे चाळीस. मला घाम फुटला. जानेवारीच्या गारव्यात माझी मान ओली झाली होती.

माझं काम वजनाचंच आहे. स्टेशनातल्या पार्सल ऑफिसात काट्यासमोर बसून दिवसभर लोकांच्या सामानाचं वजन करायचं. माणसाला दुसऱ्याचं ओझं नेहमी हलकं वाटतं आणि स्वतःच्या पार्सलचं वजन नेहमी जास्त लावलंय असं वाटतं, एवढं ह्या नोकरीने मला शिकवलं. त्या दिवशी टिटवाळ्याची एक बाई आली होती, आवडाबाई नावाची, मुलीच्या सासरी पाठवायचं गाठोडं घेऊन. हे भलं मोठं गाठोडं. हमाल जागेवर नव्हता म्हणून मीच उठलो. पाय रोवले, दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं, तर ते फुलासारखं वर आलं आणि मी मागच्या मागे काट्यावर आदळता आदळता राहिलो. आत नुसत्या गोधड्या होत्या. आवडाबाई तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "साहेब, सकाळपास्नं खाल्लं नाय वाटतं." मी हसलो नाही. गाठोडं काट्यावर ठेवून मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर प्लॅटफॉर्मवर गेलो आणि खांबाला टेकून उभा राहिलो. कारण ते हलकेपण मला माझ्या हातांत फार जुन्या ओळखीचं वाटलं.

आई अठ्ठेचाळीस साली वारली. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती. तिला कूस बदलून देणं, चादर बदलायची तेव्हा उचलून धरणं हे माझं काम. घरातला पैलवान मीच. आधी आजारी पडली तेव्हा ती चांगली वजनदार बाई होती, उचलताना माझ्या तोंडून हुंकार निघायचा आणि तिला त्याचं हसू यायचं. पुढे मी पंधरा दिवस नोकरीच्या कामाने बाहेर होतो. परत आलो त्या सकाळी प्रमोदिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, चादर आणली आणि मी नेहमीसारखे पाय रोवून, नेहमीचा जोर लावून आईच्या पाठीखाली हात घातले. ती हातात आली आणि वर गेली. एवढ्या जोरात वर गेली की तिची मान मागे पडली. "केवढ्यांदा उचललंस रे," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतंच. मी तिला धरून तसाच उभा होतो. माझ्या हातांनी मागितलेलं वजन तिच्यापाशी उरलं नव्हतं. डॉक्टर काहीही सांगोत, त्या क्षणी मला सगळं कळलं. प्रमोदिनी चादर पसरत होती, तिला काही दिसलं नाही, आणि मीही कधी बोललो नाही. पुढच्याच महिन्यात मी व्यायामशाळेत जड वजनं घ्यायला लागलो. त्याचा याच्याशी काही संबंध आहे असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. वजन हातात आलं की ते जड असावं, मला विरोध करणारं असावं, एवढंच बरं वाटायचं.

दुपारी जेवायला घरी गेलो. पारनाक्याजवळ आमच्या दोन खोल्या, माडीवर. जिना चढताना डाव्या गुडघ्यात बारीकशी कळ आली. वय झालं, असं म्हणून मी ती सोडून दिली. जेवणात लक्ष नव्हतं. प्रमोदिनीने ताक वाढलं, मी भात आधीच संपवला होता. तिने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे. ती हात धुवायला मोरीत गेली आणि मला एकदम काय वाटलं कोण जाणे, मी उठून स्वयंपाकघरातला पाटा उचलला. चांगला दगडी, तिच्या माहेरून आलेला पाटा. तो नेहमीसारखाच जड होता. छातीपर्यंत आणला, मिठी मारल्यासारखा धरून उभा राहिलो. तेवढ्यात ती आली.

"अहो, पाटा घेऊन कुठे निघालात?"

मी म्हटलं, जड आहे का बघत होतो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग पुढे येऊन पाट्याच्या एका टोकाला हात लावला, जणू मला एकट्याला तो झेपणार नाही, आणि आम्ही दोघांनी तो जागेवर ठेवला. तिने पुढे काही विचारलं नाही. प्रमोदिनीचं हे मला नेहमी अवघड जातं. विचारलं असतं तर मी चिडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

दुपारभर काटा वर-खाली होत राहिला आणि माझं मन त्याच्याबरोबर. तीनच्या सुमारास आणखी एक गोष्ट सुचली आणि ती पहिल्यापेक्षा वाईट होती. सुधीरने चकत्या थट्टेने बदलल्याच नसतील तर? दयेने बदलल्या असतील तर? दिवाळीपासून हा माणूस एकाच वजनापुढे रोज हात टेकतोय, एकदा जाऊ दे बिचाऱ्याचं, असं त्या सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल तर? मग ती पायांकडे पाहणारी तोंडं मला निराळी दिसायला लागली. ती हसू दाबत नव्हती. सणाच्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्याने चुकीचं काही सांगितलं की घरचे जसे गप्प बसतात, तशी ती बसली होती. मी चव्वेचाळीस वर्षांचा. मला राग आला, इतका की समोरच्या व्यापाऱ्याच्या खोक्याचं वजन मी दोनदा चुकीचं सांगितलं. थट्टा असती तर मी तिला तोंड दिलं असतं. दयेला तोंड कसं द्यायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि ह्या सगळ्याखाली एक बारीक आवाज सारखा म्हणत होता, तू त्या आंधळ्या माणसाला गेलं म्हणून सांगितलंस.

ड्यूटी संपल्यावर सरळ व्यायामशाळेत गेलो. संध्याकाळची पोरं अजून आली नव्हती. मारुतीपुढे नुकताच दिवा लावलेला, तेलाचा आणि ओल्या मातीचा वास. वस्ताद बाकावर मांडी घालून बसले होते. आत सुधीर एकटाच जोर काढत होता. मला पाहून उठला, अंग पुसू लागला. बार मोकळा होता, चकत्या भिंतीशी उतरंडीने रचलेल्या. मी लावतो तशाच, मोठ्या खाली, छोट्या वर.

मी दिवसभर मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. विचारलं, "सकाळी माझ्या बारला तू हात लावलास?"

"लावलेला. तुम्ही निघून गेलात ना, चकत्या मीच काढल्या."

"त्याच्या आधी?"

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "काका, तुम्ही माती घेत होतात, मी नुसता बघत होतो. किती लावलंय ते. मी तुमच्या बारला हात लावीन? असा आहे का मी?" मग जरा थांबून म्हणाला, "सगळ्या दहाच्याच होत्या. मी एकेक हातात घेऊन काढल्यात. दीडशे पुरं होतं."

दीडशे पुरं होतं. मला हसू फुटायला लागलं. दिवसभराचा सगळा काळोख एका वाक्याने धुऊन निघाला. वाटलं, ह्या पोराला जवळ घ्यावं, घरी जाऊन प्रमोदिनीला सांगावं, आत्ताच्या आत्ता. आणि त्या भरात मी बोलून गेलो, "मग एवढं हलकं कसं गेलं रे?"

सुधीर पायांकडे पाहायला लागला. सकाळी सगळे पाहत होते तसा.

"गुडघा वाकला, काका," तो म्हणाला. "डावा."

मारुतीपुढच्या दिव्याची वात चरचरली. माझा हात आपोआप डाव्या गुडघ्याकडे गेला, जिन्यावर कळ आली होती तिथे. मी विचारलं, कोणाकोणाला दिसलं? तो म्हणाला, सगळ्यांना. मग बोलला का नाहीत कोणी? हे मी जरा वरच्या आवाजात विचारलं असावं, कारण बाकावर वस्तादांनी मान वळवली. सुधीर टॉवेल पिळत राहिला. त्यात पिळण्यासारखं काही नव्हतं.

"मी बोलणार होतो," तो म्हणाला. "खरं सांगतो, बोलणारच होतो, मागच्या आठवड्याचं होतं ना मनात. पण तुम्ही इतके खूश दिसत होतात. असं कधी बघितलंच नव्हतं तुम्हाला. तोंडाशी आलेलं, पण बोलवेना."

मी घाबरलो होतो, आणि पाहणाऱ्यांना मी खूश दिसलो होतो. आणि मला खात्री होती की माझा गुडघा सरळ आहे. स्वतःच्या अंगाबद्दल, स्वतःच्या चेहऱ्याबद्दल मी सांगितलेलं काहीच खरं नव्हतं. ज्याचा वाकतो त्याला जाणवत नाही, हे मीच ह्या भिंतीपाशी उभं राहून बोललो होतो. बोललो तेव्हा ते माझं ज्ञान होतं. आता ते कळलं, आणि ते फार लाजिरवाणं होतं. सुधीर माझ्याकडे पाहत होता. त्याने विचारलं, "माझाही असाच वाकलेला?"

क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. फिट्टंफाट करून टाकावी. त्याने माझ्यासाठी तोंड मिटलं, मी त्याच्यासाठी मिटावं. त्याचे डोळे तसं मागत नव्हते, पण मी नाही म्हणालो असतो तर ते आनंदाने भरले असते.

"असाच," मी म्हणालो. "डावाच."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला, स्वतःशीच. मग हळूच म्हणाला, "नाही गेलं."

मी वस्तादांपाशी गेलो. त्यांच्या समोर उभा राहिलो. त्यांना कोणीतरी उजेडाच्या आड आलंय एवढं कळलं असेल. मी म्हणालो, वस्ताद, सकाळचं माझं नाही गेलं, गुडघा वाकला होता, मला आत्ता कळलं. मी खुलासा करणार तेवढ्यात ते म्हणाले, "मग पुन्हा लाव."

मी सदरा काढला. चकत्या एकेक हातात घेऊन लावल्या. दहाची चकती दहाच्या चकतीसारखीच होती. हौद्यात जाऊन माती चोळली, परत आलो, तर सुधीर माझ्या जागी उभा होता, भिंतीपाशी, हात पाठीमागे बांधून, मी उभा राहतो तसा, नजर माझ्या गुडघ्यांवर. त्या नजरेचा मला राग आला नाही. बार छातीवर घेतला. थांबलो. दोन्ही पाय जमिनीत पुरल्यासारखे ठेवले आणि वर ढकलला.

हनुवटी गेली, नाक गेलं, आणि कपाळापाशी तो अडला. नेहमीच्या जागी, तळहात लावून धरल्यासारखा. मी जोर लावला तेवढाच जोर त्याने लावला. हात थरथरले, डोळ्यांपुढे लाल झालं, आणि सकाळपासून पोटात जी पायरी चुकली होती ती अखेर पायाखाली आली. वजन होतं. सगळंच्या सगळं होतं, एक पौंडही कमी नव्हतं. आईला मी त्या सकाळी उचललं तेव्हापासून मी हेच शोधत होतो की काय कोण जाणे, माझ्या जोराला हातात काहीतरी सापडावं, रिकामं वर जाऊ नये. डोळ्यांत पाणी आलं. सुधीरला ते जोराने आलंय असं वाटलं असेल, आणि वाटू द्यावं. मी बार इंच इंच खाली घेतला आणि आवाज न करता जमिनीवर ठेवला.

"गेलं का रे?" वस्तादांनी विचारलं.

"नाही गेलं," मी म्हणालो, आणि चकत्या काढायला वाकलो.